रिकामा ग्लास आधी

आत्याबाईंनी वाइनचं दुकान काढलं, त्या वर्षी एकाच मळ्याच्या, एकाच सालच्या तांबड्या वाइनच्या बारा बाटल्या त्यांनी स्वतःसाठी बाजूला काढल्या. विकायच्या नाहीत, कुणाला द्यायच्या नाहीत. दर तीन वर्षांनी एक उघडायची आणि दुपारी बारा ते सहा चार वेळा चाखून वहीत लिहायचं, की बाटलीतल्या बाईसाहेब कितपत मुरल्या, अजून किती टिकतील. दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली. वही चालू आहे.

आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. लग्न केलं नाही; दुकानाशीच लागलं होतं, असं त्या स्वतःच सांगतात. मी या घरात आले ते तिसऱ्या बाटलीचं वर्ष. नवी सून म्हणून ग्लास धुण्याचं काम माझ्याकडे आलं, ते एकवीस वर्षं माझ्याकडेच आहे. धुण्याआधी मी प्रत्येक ग्लासात नाक घालते. कुणी शिकवलं नाही आणि कुणी अडवलंही नाही. बाराचे, दोनचे, चारचे, सहाचे, सगळे ग्लास शेवटी सिंकपाशी माझ्याच समोर येतात. त्यामुळे बाहेर बसून चाखणाऱ्यांपेक्षा मला चार गोष्टी जास्त कळतात, असा माझा एक खासगी समज आहे.

यंदाची दहावी. नवव्या पानावर शेवटी लिहिलं होतं, ‘उतरायला लागली. पुढच्या खेपेला कळेल.’ आठवडाभर आत्याबाईंचं एकच पालुपद चाललं होतं. “दहावी गेलेली निघाली तर उरलेल्या दोन रश्शात ओत आणि वही माळ्यावर टाक. माझंही वय झालं, किती दिवस हा खेळ.”

त्यातलं ‘माझंही’ मला आवडलं नव्हतं. हिवाळ्यातल्या तापातून उठल्यापासून त्यांचं कशात लक्ष नव्हतं. जेवताना चार घास, तेही उपकार केल्यासारखे. एकदा दूध करपून घरभर धूर झाला तरी शेजारच्या खोलीत दार लोटून शब्दकोडं सोडवत बसलेल्या. मी हाका मारत आत गेले आणि मनाशी ठरवून टाकलं, की कान गेले.

बाराच्या ठोक्याला नेहमीची दोन माणसं आली. एक दातांचे डॉक्टर, निवृत्त, आणि दुसरी आत्याबाईंची शाळेपासूनची मैत्रीण, जिचं कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे. तिला मी मावशी म्हणते. बाटली दोन दिवस उभी करून ठेवली होती, गाळ तळाशी बसावा म्हणून. तीस वर्षांचं बूच, दोन तुकड्यांत आलं. आत्याबाई वाइन काचेच्या चंबूत ओतू लागल्या. बाटलीच्या मानेखाली टॉर्च धरायचा मान माझा. गाळाची पहिली काळी रेघ मानेशी आली तशा त्या थांबल्या. हात जराही हलला नाही.

मग त्यांचा नियम. वाइन ओतण्याआधी रिकामा ग्लास हुंगायचा. एकदा मी ग्लास कोरड्या फडक्याने पुसले होते, तर ते फडकं तीन दिवसांपूर्वी कुठल्या साबणाने धुतलं तेसुद्धा त्यांनी ओळखलं होतं. आज तिन्ही ग्लास एकेक करून नाकाशी नेले आणि म्हणाल्या, “स्वच्छ.”

डॉक्टरांनी वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. “बाई, बूच लागलंय हिला. ओला पुठ्ठा.”

कधी कधी खराब बुचामुळे बाटली वाया जाते, तिला पुठ्ठ्याचा वास मारतो, आणि मग त्यावर इलाज नाही, एवढं मलाही ठाऊक होतं.

“बूच नाही नि काही नाही,” मावशी म्हणाली. “वय झालंय. तुमच्या-माझ्यासारखं.”

“माझं नाही झालं.”

“तोंडातले दात तरी तुमचे आहेत का, डॉक्टर?”

दोघंही आत्याबाईंकडे बघायला लागली, निकालासाठी. आत्याबाईंनी खोल वास घेतला, घोट घेतला, तोंडात घोळवला. कपाळावर आठी आली. “तोंडात तर...” म्हणाल्या आणि थांबल्या. मग पेनाचं टोपण काढत म्हणाल्या, “वय झालं असेल.”

आत्याबाई आणि ‘असेल’? नऊ पानांत एकदाही ‘असेल’ नाही. बूच लागलेली बाटली ही बाई तीन घरांपलीकडून ओळखायची.

मी स्वयंपाकघरात गेले. त्याच संचातला चौथा ग्लास फडताळात होता. त्यात नाक घातलं. पुठ्ठा. गेल्या आठवड्यात बाहेरच्या खोलीला रंग दिला तेव्हा नवऱ्याने मोठ्या प्रेमाने सगळे ग्लास खोक्यात उलटे भरून ठेवले होते. सकाळी मी ते काढले, चकचकीत दिसले, तसेच मांडले. धुतले नाहीत. कशाला उगाच पाण्याचे डाग नि फडक्याचे वास, असा शहाणपणा. म्हणजे वाइनला काही झालं नव्हतं. चूक सरळ माझी होती.

आणि मग दुसरी गोष्ट सावकाश डोक्यात शिरली. हेच ग्लास आत्याबाईंनी हुंगून ‘स्वच्छ’ म्हटले होते. करपलेलं दूध. चार घास. कान नव्हते गेले.

आता बाहेर जाऊन ग्लासांना वास आहे म्हणावं, तर त्यांनी तो ओळखला नाही हे त्या दोघांसमोर उघडं पडणार. तीस वर्षं ज्या नाकाच्या शब्दावर ही माणसं चालली, त्याचा पंचनामा मी टेबलावर मांडायचा? आणि गप्प बसावं, तर दहाव्या पानावर एक धडधाकट वाइन मेलेली लिहिली जाणार, आणि तिच्या मागोमाग वही.

मी ट्रे घेऊन बाहेर आले. “आत्याबाई, टोपण लावा. दोन वाजू द्या. मागच्या खेपेलाही बाराला रुसलीच होती.” आणि त्यांनी काही म्हणायच्या आत ग्लास उचलले.

“अगं, आहे ते पिऊ तरी दे,” मावशी म्हणाली.

“चंबूत भरपूर आहे, मावशी.”

तिन्ही ग्लास गरम पाण्याने तीन-तीनदा धुतले, झटकले, खिडकीतल्या वाऱ्यावर वाळवले. पुन्हा पुन्हा हुंगले. कशाचाही वास नाही, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

दोन वाजता आत्याबाईंनी ग्लास हुंगले. “स्वच्छ.” तोच आवाज, तोच चेहरा. या वेळी खरं होतं, एवढाच फरक.

डॉक्टरांनी वास घेतला, ग्लास फिरवला, परत घेतला. “बाई,” ते म्हणाले, “ही चांगली जिवंत आहे.”

“हवा लागली, मोकळी झाली,” मावशीने डोळे मिटले. “सुका आलुबुखार. आणि माझ्या वडिलांच्या चष्म्याचं घर, ते चामड्याचं.”

“मी बूच असं ठाम म्हणालोच नव्हतो.”

“ठाम म्हणायला दात लागतात.”

आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी दोनचे ग्लास आत नेऊन सवयीने हुंगत होते, तेवढ्यात पाणी आणते म्हणून त्या माझ्यामागे आत आल्या.

“बूच लागलेली बाटली हवेने सुधारत नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“आणि बाराला तोंडात ती मला चांगली लागली होती. तुरटपणा मऊ, पण धरून होता. मला वाटलं आता जीभही फसवायला लागली.” त्या स्टुलावर बसल्या. “ग्लासांना वास होता.”

“खोक्याचा. मी धुतले नव्हते. चूक माझी.”

“निम्मी तुझी.” हातातला रिकामा तांब्या त्यांनी ओट्यावर ठेवला. “त्या तापापासून. कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी. येईल परत असं वाटलं. डॉक्टर म्हणतात येईलही, नाहीही. हे दातवाले नव्हेत, खरे डॉक्टर.”

“मला वाटलं कान गेले.”

“कान उत्तम आहेत. फोनवर तू बहिणीला माझ्याबद्दल जे जे सांगतेस, सगळं ऐकू येतं.”

मी फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली.

“खरं सांगू,” त्या म्हणाल्या, “आज ही गेलेली निघाली असती तर बरं झालं असतं. ती आधी गेली, म्हणून वही बंद केली, असं म्हणता आलं असतं.” मग एकदम विचारलं, “तुला कसला वास आला?”

“मला?”

“ग्लासात नाक घालतेस ते मला दिसत नाही असं वाटतं का? डोळेही उत्तम आहेत.”

मला वहीतले शब्द येत नाहीत. जे होतं ते सांगितलं. “कुंडीतली वाळकी पानं हातात चुरडल्यासारखा. मग मनुका. आणि खाली, अगदी तळाशी, ह्यांच्या जुन्या पट्ट्याचा.”

“कुठल्या पट्ट्याचा?”

“कमरेच्या. पोट सुटण्याआधीचा आहे तो, कपाटात पडलाय.”

आत्याबाई हसल्या. हिवाळ्यापासून पहिल्यांदा. “नऊ पानं मी नुसतं ‘चामडं’ लिहीत आले,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “एकवीस वर्षं बोलली का नाहीस?”

“विचारलं कुणी?”

चारच्या फेरीला त्यांनी चौथा ग्लास मागवला आणि मला खुर्ची दिली. चारही ग्लास माझ्यापुढे सरकवले. “आजपासून ग्लास ही हुंगणार.”

“का? तुझ्या नाकाला काय झालं?” मावशीने विचारलं.

मी टेबलक्लॉथकडे बघत बसले.

“रजेवर गेलंय,” आत्याबाई म्हणाल्या.

“परत कधी येणार?”

“कळवलेलं नाही.”

मावशीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. “तरीच. गेल्या महिन्यात माझ्या नव्या अत्तराला काहीच बोलली नाहीस. मला वाटलं, जन्मात एकदा माझं अत्तर आवडलं हिला.”

“फार वाईट होतं का?” आत्याबाईंनी मला विचारलं.

“फार,” मी म्हटलं. मावशीने माझ्या पाठीत एक ठेवून दिली.

मी ग्लास हुंगायला घेतले. पहिला स्वच्छ, दुसरा, तिसरा स्वच्छ. चौथा नाकाशी नेला आणि खाली ठेवला. तोच तो फडताळातला, गडबडीत धुवायचा राहिलेला. “हा नाही. पुठ्ठा.”

डॉक्टरांनी तो ओढून घेतला, हुंगला, आणि पंधरा वर्षांनी लहान झाले. “बाराला मी काय म्हणत होतो?”

“बरोबर म्हणत होतात,” आत्याबाई म्हणाल्या. “वाइनबद्दल नाही, ग्लासाबद्दल. पण बरोबर.”

सहा वाजता वही उघडली. दहाव्या पानावर आत्याबाईंनी मधोमध उभी रेघ मारली. उजवीकडे त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं, ‘तोंडात मऊ. शेवट लांब. अजून धरते. दोन राहिल्या, म्हणजे निदान सहा वर्षं.’ मग पेन माझ्या हातात दिलं.

मी डाव्या बाजूला लिहिलं, ‘वाळकी पानं. मनुका. जुना पट्टा.’

आत्याबाईंनी चष्म्यावरून वाचलं. “अर्धवट का लिहितेस? पोट सुटण्याआधीचा, तेही लिही. वहीत अचूक असावं.”