दक्षिणेला तट नव्हता

"बोग्ना, मला एक सांग. इतकी वर्षं तू दक्षिणेला तट बांधतेस. तिथे एकदा तरी कुणी चालून आलं का?"

व्येशेकनं हे विचारलं तेव्हा त्याच्या तोंडात मीच केलेला खसखशीचा केक होता. मला संघातून काढायला आला होता, आणि आधी दोन तुकडे खाऊन घेतले बेट्यानं.

"नाही आलं, कारण तट आहे!" मी ओरडले. "चोर आला नाही म्हणून दाराचं कुलूप काढून टाकतोस का तू?"

"घर वेगळं, खेळ वेगळा. तुझा सगळा दगड त्या भिंतीत जातो. तेवढ्यात घोडदळ उभं राहील. झानेताला घेतोय तुझ्या जागी. धडाधड चाल करते पोरगी."

"आणि ग्दान्स्क?"

"ग्दान्स्कला ती येईल. वाईट वाटून घेऊ नकोस गं."

वाईट? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाउटी भागातला आमचा संगणकावरच्या लढायांचा क्लब मी आणि व्येशेकनं मिळून काढला. उन्हाळ्यात ग्दान्स्कला भरणाऱ्या मोठ्या स्पर्धेत आमच्या वूच शहराकडून एकच जोडी जाते, आणि ती जोडी आम्हीच असायचो. हा माणूस दक्षिणेचं आपलं गाव उघडं टाकून सगळी फौज घेऊन उत्तरेला लढायला जायचा. मागे मी माझ्या वाट्याचा दगड त्याच्या गावाला लावायचे. बक्षीस घेताना हा पुढे, मी फोटोत अर्धी. तेही चाललं असतं. पण माझं काम फुकट होतं असं त्यानं मला माझ्याच टेबलावर बसून सांगावं!

शनिवारी दुपारी सामना होता, शहरातल्याच विजेव भागातल्या क्लबाशी. दोन डाव. मी जाणार नव्हते, पण गेले. घरी बसून भांडी आदळण्यापेक्षा तिथे चहा करावा म्हटलं.

आमच्याकडे हा खेळ जुन्या पद्धतीनं चालतो. संगणक एकच, खुर्ची एकच, चौघांनी पाळीपाळीनं बसायचं. ज्याची पाळी तो एकटा खोलीत, बाकीचे तिघं दार लावून स्वयंपाकघरात. एक उठला की दुसरा लगेच बसतो, म्हणून या प्रकाराला आम्ही 'गरम बुडं' म्हणतो. खुर्ची थंड होऊ द्यायची नाही. कुणाला मधेच जावं लागलं तर स्वयंपाकघरात जो कुणी रिकामा असेल त्यानं बसायचं, मग तो कुठल्याही क्लबाचा असो. आणि दुसरी गोष्ट, खेळणाऱ्यानं स्वयंपाकघरात पटाबद्दल ब्र काढायचा नाही.

पहिला डाव सुरू झाला. व्येशेक आत बसला होता. ओट्यापाशी झानेता, विजेवच्या उर्शुलाबाई आणि त्यांचा जोडीदार ग्रात्स्यान. उर्शुलाबाईंनी बरणीतली खारवलेली काकडी उचलली आणि माझ्याकडे बघितलं. मग झानेताकडे. मग परत माझ्याकडे.

"काय गं, आज तू नाहीस?"

"नाही."

"हं," म्हणाल्या, आणि काकडी चावत राहिल्या.

बाई साठीच्या आहेत, पण डोकं असं चालतं की बघत राहावं. पटावर लांबून तट दिसत नाही, अगदी वेशीशी जावं लागतं, आणि तिथवर जायला बऱ्याच पाळ्या खर्च होतात. तिथे तट निघाला तर फौज अडकली, डाव गेला. म्हणून त्या कधी दक्षिणेला वळत नसत. आणि आज मी इथे किटली घेऊन उभी! म्हणजे दक्षिणेला तट नाही, हे माझं थोबाडच सांगत होतं.

खरं सांगते, एक क्षण वाटलं, जाऊ दे. गप्प बसावं. पडू दे गाव. पळू दे व्येशेकला बोंबलत. पण मी चिडले होते, फितूर नव्हते.

"झानेताला मीच तयार केलंय," मी चहा ओतत म्हणाले. "आठवडाभर बसले होते तिच्याबरोबर. माझ्यापेक्षा बरा दगड लावते."

झानेता तोंड उघडणार होती. मी तिच्या हातात ग्लास दिला, चांगला गरम, आणि ती "आई गं!" म्हणून तो खाली ठेवायला वळली.

उर्शुलाबाईंनी मान हलवली. डाव संपेपर्यंत त्या उत्तरेलाच लढल्या. आमचा क्लब जिंकला.

जिंकला म्हणजे काय, व्येशेक स्वयंपाकघरात आला तो छाती काढूनच.

"बघितलंस? एक वीट नाही! दक्षिणेला एक शिपाई नाही, एक वीट नाही, आणि कुणी फिरकलंसुद्धा नाही तिकडे! मी काय म्हणत होतो?"

सगळ्यांसमोर. उर्शुलाबाईंसमोर! अरे मूर्खा, तट होता. तो आज इथे ओट्यापाशी उभा राहून तुझ्यासाठी खोटं बोलत होता. पण हे बोलायची चोरी होती, कारण अजून एक डाव बाकी होता.

उर्शुलाबाईंनी हातातली काकडी बशीत ठेवली. "एक वीट नाही?" त्यांनी हळूच विचारलं.

"एक नाही, बाई!"

त्या माझ्याकडे बघून हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "अगं चोरटे," म्हणाल्या, "म्हणजे मी तुझ्या नावाला घाबरले होय!"

व्येशेकला काही कळलं नाही. त्याला वाटलं बायकांचं काहीतरी असेल.

दुसरा डाव थोडा पुढे गेला आणि ग्रात्स्यानच्या बेकरीतून फोन आला. भट्टीवरचा माणूस आला नव्हता, त्याला जावंच लागलं. खुर्ची रिकामी.

"बोग्ना आहे की!" व्येशेक म्हणाला. "बसवा तिला, बाई. तुमच्याकडे भिंती बांधत बसेल, आमचं काम सोपं होईल."

आणि तो हसला. झानेता हसली नाही.

"बस गं," उर्शुलाबाई म्हणाल्या. "आणि तुला हवं ते कर. मी काही सांगणार नाही."

मी बसले. खुर्ची खरंच गरम होती. पुढ्यात ग्रात्स्यानचं घोडदळ होतं. या खेळात मी जन्मात कधी घोडा हलवला नव्हता. दगड नुसता पडून होता, त्याच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही. घोडे दक्षिणेला वळवले.

पाळीमागून पाळी गेली. मधल्या वेळी स्वयंपाकघरात व्येशेक मला चिडवत होता, "काय गवंडीण, बुरूज कुठवर आला?" मी त्याला चहा दिला. साखरही घातली.

मग एका पाळीला मी वेशीशी पोहोचले. तट नाही, बुरूज नाही, पहारा नाही. वर्षानुवर्षं ज्या गावाला मी माझा दगड लावला, ते बाहेरून असं दिसतं हे मी पहिल्यांदाच बघत होते. किती छोटं होतं ते! माझा हात माउसवर थांबला. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही मला संताप आला. मग दाबलं. लढाई झालीच नाही, कुणी असतं तर झाली असती. गावावरचा झेंडा बदलला. तिथून राजधानी एका पाळीवर होती, आणि तीही उघडीच होती.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. "व्येशेक, तुझी पाळी."

तो आत गेला. दार लावायचं विसरला. मग खुर्ची मागे सरकली आणि तो ओरडला, "झानेता! दक्षिणेचं गाव उघडं कुणी ठेवलं?"