धामणी मारणारी काठी

मी एक जुनी बांबूची काठी आहे आणि मित्रांनो, मी खूप जीव घेतले आहेत. केशोरी गावच्या सुकरामने मला रानातून तोडून आणलं, धगीवर सरळ केलं, तेल पाजलं आणि टोकाला लोखंडी कडी बसवली. ही काठी हाडं मोडायलाच जन्मली, असं तो कौतुकाने सांगायचा. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

एका वर्षी गाय दूध देईना. धामण शेपटीने गायीचे पाय बांधते आणि दूध पिते, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. झालं! सुकराम मला घेऊन धानाच्या बांध्यांमधून फिरू लागला. त्या पावसाळ्यात मी अकरा धामणींचे मणके मोडले. एकीचं डोकं ठेचलं, तरी तिची शेपटी माझ्याभोवती आवळतच होती. लोकांनी शाबासकी दिली. गाय मात्र आटलेलीच राहिली.

पुढच्या हंगामात उंदरांचा सुळसुळाट झाला. त्यांना खायला धान होतं, राहायला धुऱ्यातली, म्हणजे शेताच्या बांधातली, बिळं होती. त्यांना खाणारं तेवढं मी संपवलं होतं. त्यांनी उभं पीक कापलं, मग ते घरात शिरले. घरात बांबूच्या ढोलीत, म्हणजे कणगीत, हिरानक्की धानाचं बियाणं होतं. सुकरामच्या बायकोने, धुरपताने, ते माहेरून आणलेलं. गावात दुसऱ्या कोणाकडेच ते उरलं नव्हतं. तिने ढोली शेणमातीने पुन्हा पुन्हा लिंपली. मी दिवसाला वीस-वीस उंदीर चिरडले, पण ते काही संपेनात.

मग एका सकाळी ढोलीखाली धामण दिसली. सुकरामने मला उचललं.

"मारू नका जी," धुरपता म्हणाली. "ते उंदरं खायले आली हाय."

तो थांबला नाही आणि मीही थांबले नाही. धामणीचं पोट फाटलं. आतून चार उंदीर बाहेर पडले, रक्ताने माखलेले.

धुरपता खाली वाकली. "दूध कोठी हाय जी याच्यात?" तिने विचारलं.

पेरणीच्या वेळी ढोली उघडली, तर आत नुसती फोलपटं होती. ती ओंजळीत धरून धुरपता खूप रडली.

मित्रांनो, कोणावर काठी उगारण्याआधी तो जीव काय खाऊन जगतो, एवढं तरी बघा. मला हे फार उशिरा कळलं. आता मी कोपऱ्यात पडून आहे. त्यानंतर इथे एकही धामण दिसलेली नाही. उंदीर भरदिवसा येतात आणि माझंच बूड कुरतडतात.