लाल गाडीचं गोत्र

"पंडितजी, बीच में बनाओ ना, साइड में अच्छा नहीं लग रहा," माझा मुलगा सुजय म्हणाला. गुरुजींनी टाचा उंचावल्या आणि आमच्या नव्या एसयूव्हीच्या बॉनेटवर कसंबसं स्वस्तिक काढलं. खजरान्याच्या गणपतीसमोर नव्या गाड्यांची रांग लागली होती.

मी आत बसूनच बघत होते. पायरीवर पाय ठेवला, दांडा धरला आणि कुणाच्या मदतीशिवाय चढले होते. ह्या वयात गुडघे आणखी काय मागणार? जुन्या लाल गाडीत हे सुख नव्हतं. दोन सीटांची ती विलायती स्पोर्ट्स कार इतकी बुटकी, की बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं, आणि उठवायला ह्यांनी दोन्ही हात धरून ओढायचं. हे म्हणजे माझे यजमान, अच्युतराव. शाळेत गणित शिकवायचे. धारच्या एका बंगल्यातून त्यांनी ती आणली, तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. तिच्यापायी चाळीस वर्षं माझ्या डोक्याला ताप.

पोर्चमध्ये जागा एकाच गाडीची. गेल्या आठवड्यात हे स्वतःच म्हणाले, "देऊन टाकू. सुजयची गाडी धूप में कशाला उभी ठेवायची?" मला सुटल्यासारखं वाटलं. पण ती गेली तेव्हापासून हे धड जेवलेले नाहीत.

"आई, अरे पीछे तो बघ! आपली लालवाली!" सुजय ओरडला.

खरंच तीच होती, झेंडूची माळ घालून रांगेत उभी. ती घेणारा देपालपूरचा ऋषभ उतरला आणि ह्यांच्या पाया पडला. "काकाजी, मेरे लिए तो नई गाड़ी है ना. पूजा तो बनती है."

गुरुजी तिच्यापाशी गेले. हेही मागोमाग गेले, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं तरी.

"मालिक का नाम? गोत्र?"

"अच्युत. गोत्र वसिष्ठ," हे बोलून गेले.

गुरुजींनी संकल्प सुरूही केला. ऋषभ बिचारा हात जोडून उभा. सुजय दबक्या आवाजात म्हणाला, "बाबांना सांगू का?" मी मानेनं नको म्हटलं. मला फार वाईट वाटत होतं. म्हटलं, होऊ दे एकदा त्यांच्या नावाने.

पण ह्यांनीच गुरुजींना थांबवलं. "रुको पंडितजी, गलती हो गई. मालिक ये है. ऋषभ."

"गोत्र?"

ऋषभ ओशाळला. "मालूम नहीं. आपका ही चलने दो, काकाजी."

"नहीं रे, ऐसे नहीं चलता. घर फोन लगा, मां से पूछ." मग हे मराठीतच म्हणाले, "दिली म्हणजे दिली. आता तुझंच गोत्र तिचं."

आईला फोन लावल्यावर काश्यप निघालं. गुरुजींनी कुरकुरत सगळं पहिल्यापासून म्हटलं. हे शेवटपर्यंत तिथेच उभे राहिले, आणि मग माझ्या शेजारी येऊन बसताना त्यांना धाप लागली.

"थकलो गं," म्हणाले.

घरी परतताना सिग्नलला लाल गाडी आमच्या बाजूलाच येऊन थांबली. ह्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. इतकी वर्षं तिच्यात बसले, तिच्याखाली झोपून नटबोल्ट आवळले, पण असं उंचावर बसून तिला कधी पाहिलं नव्हतं. कापडी छतावर मी शिवलेलं ठिगळ दिसत होतं.

"एवढीशी होती का गं ही?"

"दोघांपुरती होती," मी म्हटलं.

सिग्नल सुटला. ऋषभ हॉर्न वाजवून पुढे निघून गेला. हे अजून खालीच बघत होते.