पडेल तिथे कंद

उन्हाळाभर पाण्याची टंचाई आणि घरामागच्या उतारावरचं गवत जळून गेलेलं. थंडीच्या तोंडावर वहिनी पिशवीभर कंद घेऊन आल्या, थंडी सरताना फुलणाऱ्या क्रोकसचे आणि रानटी ट्यूलिपचे.

"दुकानदार म्हणाला, उन्हाळ्यात यांना पाणी द्यायचंच नाही. दिलं तर कुजतात!"

"म्हणजे आळशी माणसाची बाग," वन्सं म्हणाल्या आणि दोरी-खुंट्या घेऊन आल्या. जन्मभर भूमिती शिकवलेली बाई ती! नवरा गेल्यापासून भाऊ-वहिनीकडे राहायची, पण कपडेसुद्धा काटकोनात वाळत घालायची.

"वन्सं, बाग लावताय की पलटण उभी करताय?" वहिनी म्हणाल्या. "उधळायचे आणि पडतील तिथे पुरायचे. रानात कोण ओळीने उगवतं?"

वन्सं तरीही पहिली खुंटी ठोकायला वाकल्या. तोवर वहिनींनी मूठ भिरकावलीही. कंद टुणटुण उड्या मारत घरंगळले आणि वन्संना खुदकन हसू फुटलं. त्यांनी एक कंद हळूच टाकला. मग मूठभर. मग पदर खोचून एक कंद असा काही भिरकावला, की तो कुंपण ओलांडून गेला.

"अगं आई गं!" कुंपणाआडून कुणीतरी ओरडलं.

पलीकडे शेजारचे दातांचे डॉक्टर पेंगत होते. कंद थेट टकलावर! टक्कल चोळत ते कुंपणाशी आले. "काय चाललंय काय?"

"पडेल तिथे कंद लावतोय," वन्सं शक्य तितक्या गंभीरपणे म्हणाल्या. "पण तुमच्याकडे माती जरा कमी दिसते."

बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. डॉक्टरांनी पुन्हा एकदा टकलावरून हात फिरवला. मग इतके हसले, की त्यांची कवळी निसटून हातात आली. दातांच्या डॉक्टरांची कवळी! दोघी जमिनीवर बसल्या त्या पोट धरूनच.

डॉक्टर कवळी बसवून खुरपं घेऊन आले. "टोक वर ना?"

"वर," वहिनी म्हणाल्या. "कंदाच्या तिप्पट खोल, आणि खाली मूठभर वाळू."

अंधार पडेपर्यंत तिघं हसत, खोकत, गुडघे मळवत कंद पुरत होते.

थंडी सरली. एका सकाळी वन्संनी खिडकी उघडली आणि किंचाळल्याच, "वहिनी, आले! आले!"

"कोण पाहुणे?" वहिनी पांघरुणासकट धावत आल्या. अख्खा उतार पिवळा, जांभळा, लालभडक झाला होता. वन्संनी त्यांना हात धरून बाहेर ओढलं आणि उतारावरच गरागरा फुगडी घातली. थांबल्या तेव्हा चहूकडे फुलंच फुलं. आता पाय ठेवायचा कुठे, हेच दोघींना कळेना.