कोंबडीचं तोंड कुणाकडे

तैपेईजवळच्या सानचोंगमधल्या त्या कारखान्यात सालअखेरच्या जेवणाला सगळे आधी एकच गोष्ट बघत: ताटातल्या अख्ख्या कोंबडीला डोकं आहे की नाही. मालकाने कोंबडीचं तोंड ज्याच्याकडे फिरवलं त्याची नोकरी गेली, अशी तिथली जुनी रीत. लुओ मालक मात्र दरवर्षी आचाऱ्याकडून डोकं आधीच उडवून घ्यायचे. लोकांनी निवांत जेवावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

यंदा डोकं होतं. चोचीसकट.

बीश्याने उचललेला घास वाडग्यात परत ठेवला. विक्रीचं खातं तिचं, आणि गेला आठवडाभर तिच्याच मालावरून घोळ चालला होता.

कंपनी संगणकांना वीज पुरवणारे डबे बनवायची. सुरुवात झाली लुओंच्या सासऱ्यांच्या टायरच्या दुकानामागच्या खोलीत. लुओ आणि मालकीणबाई डबे जोडत, आणि बीश्या ते स्कूटरवर लादून पुलाखालच्या बाजारात हिंडायची. तिथले दुकानदार डबा हातात तोलून बघत. जड तो चांगला. म्हणून काही बहाद्दर आत चक्क सिमेंटचा ठोकळा बसवत. बीश्या दुकानातच स्क्रू काढून आपला डबा उघडून दाखवायची. हळूहळू त्यांच्या डब्याचं 'लोखंडी बैल' हे नाव असं बसलं की दुकानदारच गिऱ्हाइकाला सुनावत, "मशीन जाळायचं असेल तर दुसरा घ्या."

पण कारखान्याचं निम्म्याहून जास्त काम एका परदेशी कंपनीचं होतं. डबा यांचा, शिक्का त्यांचा. त्या कंपनीचे तैपेईतले प्रतिनिधी गू साहेब यांनी बजावलं होतं: आमच्याच मालाशी टक्कर देणारा तुमचा बैल बाजारातून काढा, नाहीतर आमचं काम समुद्रापलीकडच्या कारखान्याला जाईल. आज ते पाहुणे म्हणून बीश्याच्या समोरच बसले होते आणि भलतेच खुशीत होते.

"बीश्या, यंदा डोकं ठेवलंय बरं का," ते म्हणाले. "खुर्ची घट्ट धर."

"मी स्कूटरवर आलेय, साहेब. खुर्ची गेली तरी घरी पोचेन."

टेबल हसलं. तिने मात्र कोंबडीवरची नजर काढली नाही. नोकरीचं तिला फारसं वाटत नव्हतं. तिला कुठल्याही कंपनीने उचललं असतं. पण बैल मेला तर इतकी वर्षं आपण नेमकं काय वाहत होतो, हा विचार तिला सोसेना.

मालक उठले. मांडवातल्या सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. टेबलाची फिरती तबकडी त्यांनी हळूच ढकलली. चोच हिशेबनीसापुढून गेली, तेव्हा त्याने डोळेच मिटले. मालकीणबाईंपुढून गेली. आणि बीश्यापुढे थांबली.

गू साहेबांनी पेला उचलला. "शहाणे आहात, लुओ."

"माझा हात इथवरच पोचतो," मालक म्हणाले. "बीश्या, पुढचं तू बघ. इथंच राहू दिलीस तर उद्यापासून बैल बंद. साहेबांकडे फिरवलीस तर त्यांचं काम बंद, आणि अख्खा कारखाना तुझ्या बैलाने ओढायचा."

बीश्याला मालकांचा मनस्वी राग आला. पलीकडच्या टेबलांवर जोडणीच्या बायका पोराबाळांना घेऊन बसल्या होत्या. बैल अडखळला तर आधी त्यांचीच चूल विझणार होती. त्यांच्याकडे बघता बघता तिला आठवलं, आजवर बैलाचा एकही डबा त्यांच्या हातून कच्चा गेला नव्हता. तिने बोट टेकवलं आणि तबकडी ढकलली.

चोच गू साहेबांसमोर थांबली.

"मी तुमच्या पगारावर नाही!" ते ओरडले.

"म्हणून तर सोपं गेलं, साहेब."

मांडवात हशा फुटला. गू साहेब कोट सावरत उठले. "निम्मी यंत्रं बंद पडतील तुमची!"

"नाही पडणार. त्यांच्यावरही बैलच निघेल," ती म्हणाली. आवाज जराही कापला नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

ते गेल्यावर मालकांनी कोंबडीची तंगडी तोडून तिच्या वाडग्यात ठेवली.

"आधी सांगायचं तरी होतं," ती दबक्या आवाजात फणकारली. "जीव गेला असता माझा!"

"सांगितलं असतं तर तू आकडेमोड करत बसली असतीस, आणि घाबरली असतीस," लुओ म्हणाले. "मी आठवडाभर तेच केलं."