दादांना उलटा फोन कोण करणार

तनुजाने कालच्या फोनचं रेकॉर्डिंग चौथ्यांदा लावलं आणि मोबाइल सोनबामामांच्या पुढ्यात सरकवला.

"सोनबा, मी बोलतोय रं. गुडघा काय म्हणतोय तुझा? बरं, ऐक. मशीनवाल्या कंपनीचा माणूस फोन करंल आता. तो सांगंल तसं कर. अजिंक्यला इचारत बसू नगं, त्याला आधीच लय व्याप हाय."

आवाज यशवंतरावांचा होता. निघोज्यात एका शेडमध्ये ही कंपनी सुरू करणाऱ्या, अख्ख्या कारखान्याच्या दादांचा. वाक्य संपवताना खाकरायची सवयसुद्धा तीच. फक्त दादांनी हा फोन केलाच नव्हता. काल दुपारी तीन वाजता ते घरी झोपले होते. खंडेनवमीला मशीनच्या पूजेनंतर त्यांनी भाषण केलं, मामांचा सत्कार केला, भर कार्यक्रमात त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि कंपनीने तो व्हिडिओ मोठ्या हौसेने इंटरनेटवर टाकला. कुणा चोराने तो एआयला ऐकवला आणि दादांच्या तोंडून हवं ते वदवून घेतलं. मग त्या 'मशीनवाल्या' माणसाला मशीन सांभाळणाऱ्या मामांनी कारखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरून शिरायची वाट उघडून दिली. आज सकाळच्या शिफ्टला अडतीस मशीन बंद पडली, ती अजून बंदच होती.

कंपनीची सायबर सुरक्षा तनुजाकडे. रिपोर्ट तिनेच लिहायचा होता, आणि चूक कोणाची हा रकाना दोनच्या आत भरायचा होता. मामांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते.

"नंबर नवा होता, मामा."

"व्हय. म्हटलं, नातवाच्या फोनवरनं लावला आसंल."

"मग दादांच्या नंबरवर उलटा फोन करून खात्री करायची ना. नियमच आहे आपला."

मामा ओशाळून हसले.

"दादांना इचारू, खरंच तुमीच का म्हणून? न्हाई जमायचं वो मॅडम. एकतीस वर्सं झाली, त्यांनी हाक मारली की आमी उठतो." त्यांनी मोबाइलकडे पाहिलं. "आन् ते घरी बसल्यापास्नं पहिल्यांदाच फोन आला त्यांचा. लय बरं वाटलं मला."

पंधरा वर्षं तनुजा लोकांना एकच शिकवत आली होती: मोडकंतोडकं मराठी दिसलं की समजा, चोर आहे. आणि आता हा मेला चोर तिच्यापेक्षा अस्सल मावळी बोलत होता! तिची सगळी विद्या एका दुपारीत केराच्या टोपलीत गेली होती. आता शिकवायचं तरी काय? मायेने विचारपूस करणाऱ्या माणसाचा आधी संशय घ्या, हे? तिला रडू येत होतं आणि मामांसमोर रडायची लाज वाटत होती.

बरं, नियम तरी तिने कुठे धड शिकवला होता? जूनमधल्या ट्रेनिंगला मामांनीच हात वर केला होता. "मॅडम, दादांचा फोन आला तरी उलटा फोन करायचा का?" हॉलमध्ये हशा पिकला. तीही हसली होती. "अहो मामा, दादांना कशाला? त्यांचा आवाज तर तुम्ही झोपेतसुद्धा ओळखाल!" टाळ्या पडल्या, चहा आला, विषय संपला. तिचं ते वाक्य कागदावर कुठेच नव्हतं. मामांना ते आठवत होतं, याची मात्र तिला खात्री होती. कारण सकाळपासून त्यांनी त्या ट्रेनिंगचा विषय एकदाही काढला नव्हता.

दार ढकलून अजिंक्य आत आला. दादांचा धाकटा मुलगा, आता कंपनी तोच बघत होता. सकाळपासून गिऱ्हाइकांना माल का आला नाही याची उत्तरं देऊन त्याचा घसा बसला होता. खुर्ची असून तो उभाच राहिला.

"मामा, एकच सांगा. उलटा फोन करून खात्री करायची, हे मॅडमनी तुम्हाला सांगितलं होतं ना? अगदी दादांचा फोन असला तरी?"

मामांनी तनुजाकडे पाहिलं. त्यांनी खरं काय ते सांगून टाकावं असं तिला वाटलं, आणि सांगू नये असंही वाटलं. दुसरं जास्त वाटलं.

"सांगितलं व्हतं," मामा म्हणाले. "चांगलं समजावून सांगितलं व्हतं. माझ्याच टाळक्यात न्हाई शिरलं."

"मॅडम, असंच ना?"

एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य तिच्या जिभेवर आलंही होतं.

"हो," तनुजा म्हणाली.

अजिंक्यने खाली पाहिलं. मामांनी त्याला लहानपणी खांद्यावर घेऊन सगळा कारखाना दाखवला होता.

"मग उद्यापासून येऊ नका, मामा. माझा इलाज नाही."

मामांनी गळ्यातलं ओळखपत्र काढलं, त्याची पट्टी नीट गुंडाळली आणि टेबलाच्या कडेला ठेवलं. एक हात गुडघ्यावर टेकून ते उठले. दारापर्यंत गेले आणि मागे वळले.

"मॅडम, सकाळपास्नं पोटात काय न्हाई तुमच्या. कॅन्टीन दोनला बंद व्हतंय. जेवून घ्या."