चार पिंपांचा तराफा

मी एक जुना तराफा आहे. खाली पत्र्याची पिंपे, वर फळ्या आणि काथ्याचे दोर, एवढाच माझा थाट. कशेळीजवळच्या खाडीत माझे आयुष्य गेले. मित्रांनो, वय झाले की राग निवतो म्हणतात. माझा काही निवला नाही.

सत्तर सालानंतरची ही गोष्ट. लडकूचे भातशेत खाडीपलीकडे होते. त्याचा थोरला मुलगा दामू निजामपुऱ्यात रंगाच्या कारखान्यात ड्युटीला जाई. तिथली सहा रिकामी पिंपे त्याने घरी आणली.

"बाबा, साही पिंपं लावू. मोठा तराफा बरा," दामू म्हणाला.

"कशाला? मानसं मोज. मी, तू नि तुझे दोन भाव. चार पिंपं लय झाली."

"नि आई? गोदू?"

"बायका ओहोटीला चालत येतात ना? नि गोदू तर परक्याच्या घरची हाय."

त्याची मुलगी गोदू तिथेच बसून दोर वळत होती. माझ्याचसाठी! असा माणूस पाहिला की माझ्या पत्र्याला आतून कढ येतात.

मी चार पिंपांचा झालो. उरलेल्या दोन पिंपांत गुरांचे आंबोण भरले. पुढे कित्येक कापण्या मी पाहिल्या. बाप्ये माझ्यावर बसून बिड्या ओढत, आणि गोदू व तिची आई गुणाबाई डोक्यावर भारे घेऊन गुडघाभर चिखल तुडवत. लोक मात्र लडकूच्या तराफ्याचे कौतुक करत.

एका कापणीला शेतावरून घरी निघायला उशीर झाला. बायका मध्यावर असतानाच भरती लागली. गोदूचे पाय चिखलात रुतले. पाणी कमरेला आले, मग छातीला. मी शेजारीच होतो, पण माझ्यावर भारे रचलेले. तिला घ्यायला तसूभर जागा नव्हती. आणि लडकू? तो एकदा लेकीकडे बघे, एकदा भाताकडे.

गुणाबाईने वाट पाहिली नाही. पाण्यातूनच तिने माझ्यावरचे भारे खाडीत ढकलले.

"आगं, भात!" लडकू ओरडला.

"भात र्‍हाऊ दे! पोर वर घे आधी!"

दामूने गोदूला माझ्यावर ओढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाबाईने ती दोन्ही पिंपे आंबोण ओतून रिकामी केली आणि काठावर आणून आपटली.

"ही लावा. न्हायतर उद्यापासून कापणी तुमी चौघंच करा."

लडकूने खाली मान घालून दोर सोडले. त्या दिवशी मी सहा पिंपांचा झालो. पुढे मानकोलीला सासरी गेलेली गोदू माहेरी आली की माझ्यावरच बसून शेतावर जाई.

आता मी काठावर गंजत पडलो आहे. मला रंग द्या, जपा, असे मी मागत नाही. मित्रांनो, घरासाठी काही लहानमोठे घ्यायचे ठरेल, तेव्हा माणसे नीट मोजा. चुलीपाशी बसलेली मोजा, दोर वळत बसलेलीही मोजा. गोदू वाचली म्हणून सगळे विसरले. मी कसा विसरू? ती दोन पिंपे पहिल्या दिवसापासून दारातच होती.